आठ महिने वापरलेला लिनिअर: ट्यूब ठणठणीत, सॉकेट गेलेलं

दोन ३-५००झेड ट्यूबचा हा लिनिअर, म्हणजे हॅम रेडिओच्या सिग्नलची ताकद वाढवणारा अँप्लिफायर, मी आठ महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतला. पॉवर, ट्यूनिंग, पंख्याचा आवाज याबद्दल माझी काही तक्रार नाही. लिहायचंय ते फिलॅमेंटबद्दल (ट्यूबमधली तापून उजळणारी तार), कारण त्यापायी मी ट्यूबची नवी जोडी मागवायच्या बेतात होतो.

तिसऱ्या महिन्यात डावी ट्यूब उजवीपेक्षा मंद दिसायला लागली. विकणाऱ्याला कळवलं, तर म्हणे, "ट्यूब संपत आल्यात, जोडीच बदला." मला ते पटलंही. पण एवढे पैसे घालण्याआधी दोन्हींची अदलाबदल करून पाहिली आणि दोन्ही सारख्याच झळझळीत! पिनांवर मळ असेल, निघाला, असं समजून मी निवांत झालो. तीन आठवड्यांनी पुन्हा डावीकडचीच मंद, आणि आता तिथे आधीची उजवी ट्यूब होती. म्हणजे दोष ट्यूबचा नव्हता, जागेचा होता.

इथे मीटरच्या कंटिन्युइटी बझरच्या (जोड सलग असला की वाजणाऱ्या) नादी लागू नका. ५ व्होल्टला १४.६ अँपिअर ओढणारं फिलॅमेंट तापल्यावर जेमतेम ०.३४ ओहम, थंड असताना त्याहून कितीतरी कमी. सॉकेटमध्ये पिन धरून ठेवणाऱ्या क्लिपमध्ये ०.०२ ओहम वाढले तरी बझर वाजतोच. पण ट्यूब पेटली की ०.२९ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात; ट्यूबला उरतात ४.७१, आणि लागतात किमान ४.७५. वर त्या एवढ्याशा जागेत चार वॉट उष्णता. क्लिप तापते, ढिली पडते, रोध वाढतो, आणखी तापते.

म्हणून मोजायचं ते फिलॅमेंट पेटलेलं असताना. हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (मेन्सकडची बाजू) सोडवायची, कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करायची. यात घाई नको, तिथे ३००० व्होल्टपर्यंत असतात. पंखा मात्र चालूच हवा, नुसतं फिलॅमेंट पेटलं तरी या ट्यूबना वारा लागतो. मीटर एसी मिलिव्होल्टवर, एक प्रोब खालून पिनच्या टोकाला, दुसरा सॉकेटच्या टॅगला, म्हणजे वायर सोल्डर केलेल्या पत्तीला. फिलॅमेंटच्या पिना १ आणि ५. उजवीकडे दोन्हींवर २० मिलिव्होल्टच्या आत, डावीकडे ५ नंबरवर ३१०! ट्यूब उपसली तर ती क्लिप निळीकाळी पडलेली, दाबली की दबूनच राहायची.

आधी काटकसर म्हणून पक्कडीने आवळली. दीड महिना टिकली. एकदा ताप खाल्लेली क्लिप पुन्हा ताण धरत नाही, हे तेव्हा कळलं. त्या फंदात पडू नका. शेवटी दोन्ही सिरॅमिक सॉकेट बदलली. ट्यूबच्या जोडीपुढे तो खर्च अगदी किरकोळ. पिनांमधलं सोल्डरही मळकट झालं होतं, तेही नव्याने भरलं. ते करताना पिना खालच्या बाजूला ठेवायच्या, नाहीतर सोल्डर आत उतरतं.

त्याला आता तीन महिने झाले. "संपत आलेल्या" त्याच दोन ट्यूब एकाच रंगात पेटतायत आणि पॉवर पहिल्या दिवसाइतकीच मिळतेय.