तयार ‘शांत कोपरा’ पेटी: मराठी शाळेनं घ्यावी का?

भेदरलेल्या पोराला वर्गातच सावरता यावं म्हणून ‘शांत कोपऱ्या’ची तयार पेटी ऑनलाइन मिळते. आत वजनदार उशी, हेडफोन, भावनांची कार्डं, वाळूचं घड्याळ आणि शांत आवाजांची फाइल. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या शाळेला यातली निम्मीच कामाची.

मोठा घोळ आवाजांच्या फाइलमध्ये. ‘मन निवावं’ म्हणून तीत चक्क पावसाचा आवाज! २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-दूधगंगेकाठची गावं घरं सोडून बाहेर पडली. पूर पाहिलेल्या पोराला पाऊस ऐकवणं म्हणजे जखमेवरची खपली काढणं. ती फाइल आधी काढून टाका.

उशी अडीच किलोची. मांडीवर ठेवायला पोराच्या वजनाच्या ५ ते १० टक्के धरतात; वीस किलोच्या पोराला एक किलो पुरे. जुन्या वाकळेची शिंप्याकडून शिवून घ्या, पण कप्पे पाडून, नाहीतर सगळं वजन एका टोकाला जमतं. आत जोंधळे नकोत, पावसाळ्यात किडे होतात. धुऊन वाळवलेली बारीक खडी बरी. उशी पोराला स्वतःला बाजूला सारता यावी. झोपेत मुळीच नको.

कार्डांवर ‘चिंताग्रस्त’ असं छापलंय. पोरं म्हणतात, ‘पोटात गोळा आला’. कोऱ्या कार्डांवर त्यांचेच शब्द लिहा.

पेटीसोबतची पुस्तिका म्हणते, डोळे मिटून दीर्घ श्वास. मार खाल्लेल्या पोराला डोळे मिटले की हात कुठून येईल याचीच धास्ती. डोळे उघडे, नजर जमिनीवर. तीन मोजत श्वास घ्यायचा, पाच मोजत गरम चहा फुंकल्यासारखा सोडायचा. हेडफोनही मागून चढवू नका, हातात द्या.

जागेबद्दलचा सल्ला मात्र चोख: पाठीशी भिंत, समोर दार. फक्त ‘जा, तिथं बस’ म्हणून कुणाला धाडलं, की तो कोपरा शिक्षेचा झाला आणि पेटी वाया गेली.

घरासाठीचं पान त्रोटक, तरी कामाचं. आईबाप ऊसतोडीला निघणार असतील तर पोर झोपेत असताना जाऊ नये. कधी परतणार, फोन कोणत्या वारी येणार हे आज्जीसमोर सांगून निघावं.

पोरानं लैंगिक अत्याचार सांगितला तर काय, यावर पुस्तिकेत अक्षर नाही. खोदून विचारू नका, त्याचेच शब्द टिपून ठेवा. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवा.