परसातल्या शेकोटीची लोखंडी कढई: सगळं ठीक, पण बुडाला भोक का नाही?

स्टँडवाली 24 इंची कढई, पत्रा 2 मिमी, काळा हीटप्रूफ रंग, सोबत जाळी आणि चिमटा. ऑनलाइन सगळीकडे हीच दिसते, म्हणून मापं उगाळत बसत नाही. नाशिकच्या परसात तिचा हा दुसरा हिवाळा. तक्रार एकच: बुडाला भोक नाही.

भोकाचं एवढं काय, असं वाटेल. उघड्यावरच्या कढईत पाणी येतंच. पहाटेचं दव, एखादी अवकाळीची सर, नाहीतर झाडांना पाणी घालताना उडालेलं. ते राखेत मुरतं. राखेत क्षार असतात, ती ओल सोडत नाही आणि बुडाला धरून कडक खपली बनते. त्या खपलीखाली पत्रा गंजत राहतो. वरून कढई ठणठणीत दिसते. उलटी करून टकटक केलं की पापुद्रे गळतात. कस्टमर केअरचं उत्तर: "रंग जाणं नॉर्मल आहे, वॉरंटीत बसत नाही." रंगाबद्दल विचारलं कोणी होतं?

रंगावरून सुरुवातीला एक स्टार कापला होता, तो परत देतोय. निखारे थेट ज्या पत्र्यावर पडतात तिथे कुठलाच रंग फार दिवस तग धरत नाही. तारेच्या ब्रशने सुटा रंग काढा, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि बारीक जाळ करून तापू द्या. दोनतीनदा हे केलं की बिडाच्या तव्यासारखा काळा थर बसतो. दर मोसमात एकदा पुरे. तेल जाड लावलं तर मात्र चिकट राहतं आणि धूळ धरतं.

भोकाचा उपाय फॅब्रिकेशनवाल्याकडे. सर्वांत खोल जागी 12 मिमीचं एकच भोक पाडून घ्या आणि त्यावर जाड जाळीचा तीन इंची तुकडा ठेवा, म्हणजे निखारा खाली पडत नाही. चहाच्या पैशांत होणारं काम कारखान्यात का होत नाही, देव जाणे. त्याच कंपनीच्या नव्या लॉटच्या फोटोत आता भोक दिसतंय, आणि किंमत सहाशेने वाढली आहे!

भोकामुळे धूर थांबेल ही आशा सोडा. धूर लाकडाचा असतो. बाभूळ घ्या, फोडलेली, मनगटाएवढी जाड, फूटभर लांब, आणि जमिनीपासून वर रचून निदान एक उन्हाळा वाळलेली. दोन तासांना पाचसहा किलो लागते. जाड ढलप्या खाली, काटक्या सगळ्यात वर, आणि पेटवायचं वरून. उलटं वाटतं, पण निघणारा धूर वरच्या जाळातच जळतो. सुरूचं लाकूडही चालतं, तेही जड असतं आणि दमाने जळतं. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या आपल्याकडे फुकट मिळतात, पण त्यांवर मोरचूद आणि फवाऱ्यांचे थर असतात. शेकायला आणि विशेषतः वांगी-रताळी भाजायला त्या नकोतच. रंगवलेलं लाकूड, प्लायचे तुकडे तर अजिबात नाहीत.

खाली शहाबादी असेल तर सांभाळा. थरांत मुरलेलं पाणी तापलं की फरशीचा कपचा टणकन उडतो. दोन इंच वाळू, त्यावर विटांचा एक थर, मग स्टँड. भिंत, पत्र्याची शेड, सुकलेला वेल यांच्यापासून दहा फूट तरी लांब.

आता ऊब. शेकोटी कितीही पेटवा, पोट भाजतं आणि पाठ गारठते, कारण उष्णता समोरूनच येते आणि वारा मागून. निफाडच्या बाजूला पारा पाचच्या खाली जातो तेव्हा मोठ्या जाळापेक्षा वारा अडवणं जास्त उपयोगी. उत्तरेला सहा फूट उंच हिरवी शेडनेट ताणा, 50 टक्केवाली. भरीव ताडपत्री लावली तर वारा तिच्यावरून उलटून धूर थेट तोंडावर आणतो. नेट प्लास्टिकची आहे, तीही जाळापासून दहा फुटांवरच. आणि खुर्चीवर सुती गोधडी. पॉलिस्टरच्या ब्लँकेटला एक ठिणगी पडली की वितळून भोक पडतं. (तिथे बरं आपोआप पडतं.)

विझवताना तापलेल्या कढईत पाणी ओतू नका. पत्रा वाकतो, वेल्डिंग तडकतं. निखारे पसरून ठेवा, राख दुसऱ्या दिवशी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. वरून थंड दिसली तरी आत निखारा जिवंत असू शकतो, म्हणून प्लास्टिकची बादली नको. थंडी वाढली म्हणून कढई खोलीत किंवा बंद पडवीत नेऊ नका. निखाऱ्यांतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

राख बागेत टाकायची असेल तर हात आखडता. काळी माती आधीच विम्लतेकडे झुकलेली, त्यात राखेची भर पडली की गुलाबाची पानं पिवळी पडतात. भांडी घासायला ठेवा, नाहीतर कंपोस्टमध्ये मूठभर.