बर्डीवरचे काळे बँड टी-शर्ट: बंड राहू द्या, छपाई बघा

नागपूरच्या सीताबर्डीच्या फुटपाथवर निर्वाणा, रामोन्स, जॉय डिव्हिजन या रॉक बँडचे टी-शर्ट एकाच दांडीला लटकलेले असतात. भाव दोन-अडीचशे, घासाघीस केली की आणखी खाली. एवढ्यात लायसन्सचा माल येत नाही. त्यात गळ्याच्या आत सहसा कॉपीराइटची ओळ आणि परवानाधारकाचं नाव असतं, इथे नुसता साइज.

या बंडखोर बँडच्या बंडाचा बाजार केला म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा मॅनेजर माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांचं लंडनच्या किंग्ज रोडवर कपड्यांचंच दुकान होतं. २०१५ मध्ये व्हर्जिन मनी या बँकेने त्याच बँडची चित्रं क्रेडिट कार्डांवर छापली. निर्वाणाच्या कंपनीने तर बँडच्या पिवळ्या स्मायलीवरून २०१८ मध्ये मार्क जेकब्स या फॅशन ब्रँडवर दावा ठोकला. तेव्हा कापड आणि शाईच तपासा.

जॉय डिव्हिजनचं चित्र म्हणजे सीपी १९१९ या पल्सारच्या (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्याच्या) स्पंदनांचा आलेख, १९७९ च्या अल्बमवरचा. एकच पांढरा रंग, म्हणून स्वस्त छपाईत तोच बरा निघतो. फक्त शाई जास्त पडली की बारीक रेषा एकमेकींत मिसळून नुसता गिचका होतो. निर्वाणाच्या स्मायलीच्या पिवळ्याखाली आधी पांढरा बेस मारावा लागतो. तो वाचवला की काळ्यावर पिवळा शेवाळी दिसतो, आणि बहुतेक ठिकाणी तो वाचवतातच. रामोन्सची गोल मुद्रा त्यांच्या कलादिग्दर्शकाने, आर्तुरो वेगाने, अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून बेतली. कडेची नावं वाचता येत नसतील तर टी-शर्ट परत दांडीला.

छपाई दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. भेगा पडल्या तर शाई कच्ची राहिली. प्लास्टिसोल ही टी-शर्टवरची शाई पक्की व्हायला साधारण १६० अंश सेल्सिअस लागतात, घाईत तेवढी उष्णता मिळत नाही. डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेने चिकटवलेली छपाई, ताणाला टिकते, पण छातीवर प्लास्टिक चिकटवल्यासारखी. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तिच्याखाली घाम नुसता साचतो. मोठं चित्र असेल तर डीटीएफ नकोच.

कापड १८० जीएसएमचं (चौरस मीटरला १८० ग्रॅम) सांगतात. हाताला बनियनसारखं पातळ लागलं तर विश्वास ठेवू नका. आधीच आटवून घेतलेलं (प्री-श्रंक) नसेल तर आटतं, एक साइज मोठा घ्या. उलटा करून थंड पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा. गच्चीवरच्या उन्हात नागपूरचा मे महिना काळ्याचा तपकिरी करून टाकतो. इस्त्री उलट्या बाजूनेच.

घ्यायचाच तर जॉय डिव्हिजन. स्मायली दिवसाउजेडी बाहेर रस्त्यावर आणून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानातल्या बल्बखाली शेवाळीही पिवळाच दिसतो.