टर्बो गाडी आणि पन्नास हजार रुपये : रिमॅप, बॉक्स की टायर-ब्रेक आणि ट्रॅक?

टर्बो पेट्रोल गाडीची पहिली दोन-तीन सर्व्हिसिंग झाली की हात शिवशिवायला लागतात. इंजिनात कंपनीने ताकद राखून ठेवली आहे हे ऐकलेलं असतं, मित्राची रिमॅप केलेली (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली) गाडी कशी खेचते ते शेजारच्या सीटवर बसून अनुभवलेलं असतं, आणि खर्चही साधारण पन्नास हजारांच्या आत बसतो. एवढ्या पैशांत तीन गोष्टी शक्य आहेत : ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, रिमॅपिंग, ट्यूनिंग बॉक्स, किंवा इंजिनाला हात न लावता चांगले टायर, ब्रेक आणि ट्रॅकवरचा एखादा दिवस. माझा कल तिसरीकडे आहे. पण रिमॅपमध्ये खरोखर दम आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

टर्बोमध्ये बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर टर्बाइन फिरतं आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात ढकलतो. किती दाबायची, त्यासोबत किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे ईसीयू ठरवतो. साध्या इंजिनात सॉफ्टवेअर बदलून हाती फारसं लागत नाही. टर्बोत मात्र टॉर्क (इंजिनाची खेच) २० ते ३० टक्के वाढू शकतो. कंपनीने तेवढी जागा सोडलेली असते ती कारणाने. एखाद्या पंपावरचं हलकं पेट्रोल, एप्रिल-मेचं ऊन, पाच माणसं आणि सामान घेऊन चढलेला कसारा घाट, ऑइल बदलायला टाळाटाळ करणारा मालक, हे सगळं धरून ती फट ठेवलेली असते. रिमॅप करून देणारा ट्यूनर तुम्हाला विकतो ती हीच फट. म्हणून ‘रिमॅप सुरक्षित आहे का’ या प्रश्नाचं उत्तर गाडी कोण आणि कशी वापरतो यावर ठरतं.

बॉक्सचं काम वेगळं. तो सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसून बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, मग ईसीयू आणखी दाब देतो. तो अर्ध्या तासात काढता येतो, हाच त्याचा मोठा गुण. पण ईसीयूला चुकीची माहिती देऊन ताकद काढण्यापेक्षा नीट लिहिलेला रिमॅप केव्हाही बरा. वॉरंटीच्या भीतीने बॉक्स घेणार असाल, तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

इंजिनापेक्षा गिअरबॉक्सकडे जास्त लक्ष द्यायला हवं, आणि इथेच लोक कमी विचार करतात. फोक्सवॅगन-स्कोडाचं १.५ टीएसआय इंजिन मुळातच २५० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची क्षमताही २५० न्यूटन-मीटरच आहे. म्हणजे रिमॅपच्या पहिल्या दिवसापासून गिअरबॉक्स मर्यादेबाहेर. त्याच कंपनीच्या १.० टीएसआयचा टॉर्क १७८ आहे आणि त्याचा ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) आहे, तिथे थोडी जागा उरते. मॅन्युअल गाडीत क्लच आधी घसरायला लागतो. तो बदलायचा खर्चही आत्ताच धरून ठेवा. नाशिकच्याच कारखान्यात तयार होणाऱ्या एक्सयूव्ही ३एक्सओचं १.२ टीजीडीआय इंजिन जसं आहे तसंच १३१ पीएस आणि २३० न्यूटन-मीटर देतं. एवढ्या आकाराच्या गाडीला याहून जास्त कशाला हवं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

स्टेज टू, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टर्बोनंतरचा मोकळा पाइप (डाउनपाइप) बसवणं, या तुलनेत मी धरतच नाही. पीयूसी जाते, आवाज वाढतो, शेजारपाजारचे हैराण होतात.

कायदा तिन्ही पर्यायांना सारखा लागू होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. विम्याचं तर त्याहून अवघड. बदल कळवला नसेल तर दावा अडकू शकतो. आणि हे ट्रॅकवाल्यांनीही वाचावं : खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमचाच. तिसऱ्या पर्यायातली ही खरी उणीव आहे.

आता रस्त्यावरच्या शर्यतीबद्दल. रिमॅप झाल्यावर ती ताकद कुठे वापरणार? शहरात तिसऱ्या गिअरच्या पुढे जाता येत नाही. समृद्धीवर कारची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, आणि तेवढा वेग कोणतीही टर्बो गाडी न बदलता गाठते. उरतो आपल्या नाशिकचा रात्रीचा गंगापूर रोड किंवा त्र्यंबक रोड, आणि सिग्नलला शेजारी येऊन इंजिन फिरवणारी दुसरी गाडी. हा मोह मला समजतो. पण आकडे बघा : ताशी १०० वर, एक सेकंद भान येण्याचा धरून, कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला सुमारे ७८ मीटर लागतात. १४० ला सुमारे १३७ मीटर. वेग ४० टक्क्यांनी वाढला आणि अंतर पाऊणपटीने. हेडलाइटच्या उजेडात तेवढं दिसतच नाही. आणि आपले रस्ते रात्री रिकामे नसतात. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या त्र्यंबकच्या वाटेवर असतात, सप्तशृंगगडाला जाणारे पदयात्री वणीच्या बाजूला अंधारातच चालतात, द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडून भरलेल्या पिकअप येतात. यांतल्या कुणालाही तुमची शर्यत चालू आहे हे माहीत नसतं.

कलम १८९ खाली पहिल्या शर्यतीला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, दुसऱ्यांदा वर्षभर किंवा १०,००० रुपये. कुणाचा जीव गेला तर गोष्ट फार पुढे जाते.

शिवाय रस्त्यावर उत्तर मिळतच नाही. कोणी आधी पाय दाबला, कोणाला मधे गतिरोधक लागला, यावरच वाद. ड्रॅगस्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवर, ४०२ मीटरची नोंद सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत होते. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर असे ड्रॅग कार्यक्रम झाले आहेत. ऑटोक्रॉसमध्ये एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध पळते, त्यामुळे समोरून कुणी येण्याची धास्ती नाही. टीएसडी (वेळ-वेग-अंतर) रॅली सार्वजनिक रस्त्यावर असते, पण तिथे ठरवलेला सरासरी वेग काटेकोर पाळणारा जिंकतो. आपल्या शहराला हे नवं नाही. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिकमध्येच भरलेली आहे.

म्हणून पन्नास हजार असतील तर आधी चांगले चार टायर, मग ब्रेक पॅड आणि ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल, उरलेल्यातून ट्रॅकवरचा एक दिवस. गाडी वळणावर कुठे सुटते हे तिथे कळतं, आणि तेव्हा बहुतेकांच्या लक्षात येतं की कमी पडत होती ती ताकद नव्हे, पकड होती.

त्यानंतरही रिमॅप हवाच असेल तर डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आधीचा आणि नंतरचा आलेख काढून देणाऱ्याकडेच जा. ९५ ऑक्टेनच्या खाली पेट्रोल भरू नका. ऑइल कंपनीने सांगितलेल्या निम्म्या अंतरावर बदला. वरच्या गिअरमध्ये २,००० आरपीएमच्या खाली पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नका. लहान डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात अकाली प्रज्वलनाने पिस्टन फुटतात ते अशा वेळीच. विमा कंपनीला लेखी कळवा. मूळ फाइलची प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि गाडी विकताना घेणाऱ्याला रिमॅपचं स्पष्ट सांगा.