कौलांखालचा फोम : गारवा उत्तम, तारणाला अडचण

फोंडा तालुक्यातील आमच्या जुन्या कौलारू घराच्या माडीवर आम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर कौलांना आतून पॉलियुरेथेन फोम फवारून घेतला. कारागिरीबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. परंतु हेच घर तारण ठेवून मागच्या बाजूच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढण्याची वेळ आली, तेव्हा या फोमची जी बाजू समोर आली तिचा माहितीपत्रकात कुठे उल्लेख नव्हता, म्हणून हे परीक्षण गारव्यापेक्षा तारणाविषयी अधिक आहे.

गारव्याचे श्रेय मात्र द्यायलाच हवे. दोन पिंपांतली रसायने तापवलेल्या नळीतून एकत्र येऊन वाशांच्या मधल्या जागेत फवारली जातात आणि काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. क्लोज्ड सेल, म्हणजे बंद बुडबुड्यांच्या, प्रकारच्या या फोमची उष्णतावाहकता साधारण 0.025 वॅट प्रति मीटर-केल्विन, तर ग्लासवूलची (काचतंतूंच्या लोकरीची) 0.04 च्या आसपास असते; आकडा जितका कमी तितकी उष्णता कमी शिरते, त्यामुळे पातळ थरातही काम भागते. मे महिन्याच्या दुपारी ज्या माडीवर पाय ठेवता येत नसे, तिथे आता पंख्याखाली झोप लागते.

बँकेच्या यादीवरील व्हॅल्युअर घर पाहायला आले. मालकीचे कागद तपासणे वकिलाचे काम. व्हॅल्युअर घराची किंमत आणि त्याचे उरलेले आयुष्य लिहून देतात, आणि कर्जाची मुदत त्या आयुष्यात बसावी लागते. पडवीच्या उघड्या वाशांना त्यांनी पेचकस टोचून पाहिला, आढे भिंतीत शिरते तिथे बॅटरीच्या उजेडात वाळवीची माती शोधली, आणि माडीवर येताच ते थांबले, कारण तिथे टोचायला लाकूडच दिसत नव्हते. होता तो फिकट पिवळा, फुगीर थर. छताच्या लाकडाची तपासणी करता आली नाही, असा शेरा मारून त्यांनी आयुष्य कमी धरले आणि किंमतही उतरवली. 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेने मालमत्तेच्या किमतीच्या 80 टक्के ही कमाल मर्यादा घातलेली असल्याने उतरलेल्या किमतीची झळ थेट कर्जाच्या रकमेला बसते. व्हॅल्युअरना दोष देण्यात अर्थ नाही. जे दिसत नाही त्याची हमी कोण घेईल?

इंग्लंडमध्ये ही अडचण पुरती उघड झालेली आहे. पोर्तुगीज पासपोर्टावर गेलेल्या गोवेकरांची स्विंडनला मोठी वस्ती आहे. तिथे राहणाऱ्या आमच्या पुतण्याला हा प्रकार ऐकून जराही नवल वाटले नाही. पोटमाळ्याच्या छताला फोम मारलेल्या घरावर कर्ज देण्यास तिथल्या अनेक संस्था नकार देतात किंवा तज्ज्ञाचा अहवाल मागतात, आणि सर्वेक्षकांच्या रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स या संस्थेने 2023 मध्ये घरमालकांसाठी याविषयी मार्गदर्शिकाही काढली. घरातल्या दमट हवेतली वाफ थंड लाकडावर द्रवते, ओल फोमआड कोंडते आणि वासे कुजले तरी कळत नाही, ही तिथली भीती. पोटमाळ्याच्या जमिनीवर अंथरलेल्या लोकरीसारख्या थराला, ज्याची शिफारस केलेली जाडी 270 मिलिमीटर आहे, सहसा कोणी हरकत घेत नाही, कारण तो बाजूला सारून लाकूड पाहता येते.

आपल्याकडे पाणी आतून नव्हे, वरून येते, आणि म्हणूनच मला गोव्यातला धोका अधिक वाटतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात कौलारू घर टिकते ते शाकारणीवर : पावसाळ्यापूर्वी कौले उतरवायची, फुटकी बदलायची, रिपा पाहायच्या. फोमने कौले रिपांना आणि एकमेकांना चिकटून बसतात. माकडांनी फोडलेले एक कौल काढताना शेजारची दोन तुटली. शिवाय फुटक्या कौलातून शिरलेले पाणी पूर्वी माडीवर ठिपकत असे आणि गळती कळत असे. आता ते फोमच्या वरून कुठल्या वाशात मुरते, याचा पत्ता लागत नाही.

याच घराच्या चुलतभावाकडील भागात रिपांखाली अॅल्युमिनियमची बबल शीट खिळ्यांनी ताणून बसवली आहे. फोमइतका गारवा तिथे नाही, हे मान्य करावे लागेल, पण व्हॅल्युअरनी तिचा कोपरा सोडवून वासा पाहिला आणि तो पुन्हा ठोकून दिला. कर्ज किंवा विक्रीचा विचार असलेल्या कौलारू घराला मी तीच सुचवीन. सिमेंटच्या स्लॅबवर वरून फोम मारणाऱ्यांना या लाकडाच्या अडचणी नाहीत.

बँकेने अखेर स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला मागितला. त्यासाठी आढ्याजवळ आणि भिंतीलगत फोम कापून लाकूड उघडे करावे लागले; सुदैवाने ते खणखणीत निघाले आणि किंमतीचा फेरविचार सुरू झाला. कापण्याचा खर्च आमच्याकडे आला, आणि फोमची हमी कापलेल्या भागापुरती संपली असे कंत्राटदाराने लेखी कळवले. तपासणीसाठी काही वासे मुळातच उघडे ठेवण्याची सोय या सेवेत असती, तर मी पाचपैकी चार तारे दिले असते, सध्या अडीच.