मदरबोर्ड तीन वेळा बदलला, हीटसिंक मात्र तोच राहिला: नाशिकमधील एका अधिकृत सर्व्हिस सेंटरचा अनुभव

बांधकाम व्यावसायिकांसाठी इमारतींची त्रिमितीय चित्रे आणि वॉकथ्रू, म्हणजे इमारतीत फेरफटका मारल्यासारख्या चित्रफिती, तयार करणे हा माझा व्यवसाय आहे आणि तो मी इंदिरानगरमधील राहत्या घरातूनच करते. या कामासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये मी एम. जी. रोडवरील एका दुकानातून ९४,००० रुपयांचा, स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेला लॅपटॉप घेतला आणि एक वर्षाच्या मूळ वॉरंटीवर आणखी दोन वर्षांची वाढीव वॉरंटी वेगळे पैसे भरून घेतली. पुढच्या वीस महिन्यांत त्याचा मदरबोर्ड तीन वेळा बदलला गेला. कंपनीचे आणि सर्व्हिस सेंटरचे नाव मी येथे देत नाही, कारण दुरुस्तीची हीच पद्धत इतर कंपन्यांच्या बाबतीतही माझ्या व्यवसायातील दोघा-तिघांच्या वाट्याला आलेली आहे आणि ती पद्धत कशी चालते, हेच मला सविस्तर सांगायचे आहे.

पहिला बिघाड एप्रिल २०२४ मधला. गंगापूर रोडवरील एका गृहप्रकल्पाचा वॉकथ्रू मी दुपारी रेंडरला लावला होता, म्हणजे त्याची अंतिम चित्रे लॅपटॉप तयार करत होता. आमचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे त्या दिवसांत स्लॅब तापतो आणि दुपारी खोलीतले तापमानच ३५ अंशांच्या आसपास असते. दीड तासाने पडद्यावर हिरव्या-जांभळ्या आडव्या रेघा उमटल्या, चित्र जागच्या जागी गोठले आणि पडदा काळा झाला. पंखा मात्र पूर्ण वेगाने फिरत राहिला. पुन्हा सुरू केल्यावर लॅपटॉप चालू झाला खरा, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधील सुट्या भागांच्या यादीत, ग्राफिक्स चिपचे नावच दिसेना.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मला नीट वागणूक मिळाली, हे आधी नमूद करते. "ग्राफिक्स चिप बोर्डवरच सोल्डर केलेली असते मॅडम, ती एकटी बदलता येत नाही, पूर्ण बोर्ड बदलून देतो, वॉरंटीत आहे, काळजी करू नका," असे मला सांगण्यात आले आणि ते खरेच होते. बोर्ड भिवंडीच्या गोदामातून येणार असल्याने अकरा दिवस लागले. एक पैसाही घेतला नाही. लॅपटॉप हातात आला तेव्हा मात्र त्याने सुरू होताच ४८ अंकी रिकव्हरी की मागितली, कारण डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजमधील एन्क्रिप्शनची किल्ली बोर्डवरील सुरक्षा चिपशी बांधलेली असते आणि बोर्ड बदलला की डिस्क स्वतःहून उघडत नाही. माझी की माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती म्हणून माझे काम वाचले. लॅपटॉप जमा करून घेताना ही गोष्ट ग्राहकाला सांगणे सेंटरचे कर्तव्य होते आणि कोणी ती सांगितली नाही. आपला लॅपटॉप दुरुस्तीला देणाऱ्या प्रत्येकाने ती की आधी कागदावर उतरवून ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नवीन बोर्ड आल्यावर मला एक साधा प्रश्न पडला, तो असा की जुना बोर्ड गेला कशाने? जॉब शीटवर, म्हणजे सेंटरच्या दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, त्याचे उत्तर नव्हते; तेथे फक्त 'बोर्ड बदलला, चाचणी उत्तीर्ण' एवढेच लिहिलेले होते. म्हणून मी तापमान दाखवणारे एक मोफत सॉफ्टवेअर घातले, ज्या वॉकथ्रूवर लॅपटॉप बंद पडला होता तीच फाइल रात्री, खोली थंड असताना, चाळीस मिनिटे रेंडरला लावली आणि आकडे वहीत लिहिले. ग्राफिक्स चिपचे तापमान ८४ अंश होते, जे लॅपटॉपच्या मानाने फार जास्त म्हणता येणार नाही. परंतु चिपवरील सर्वांत तप्त बिंदूचे, म्हणजे हॉटस्पॉटचे, तापमान १०६ अंश होते. या दोन आकड्यांमध्ये साधारण दहा ते पंधरा अंशांचा फरक असणे स्वाभाविक असते. तो वीसच्या पुढे गेला, तर चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा, तिच्यावर बसवलेला धातूचा भाग) यांचा एकमेकांशी संपर्क सगळीकडे सारखा नाही, अशी शंका घ्यायला हवी. हे मी तेव्हा वाचून समजून घेतले आणि ते आकडे छापून सर्व्हिस सेंटरला नेऊन दिले. काउंटरवरील व्यक्तीने कागद घेतला, पण त्याची नोंद कुठेही झाली नाही.

या तापण्याचे परिणाम काय होतात, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. चिपचे सिलिकॉन आणि तिच्याखालचा बोर्ड तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. तापमान एका अंशाने वाढले की सिलिकॉन दहा लाखांत साधारण तीन भाग वाढते आणि फायबरचा बोर्ड साधारण पंधरा भाग. या दोहोंच्या मधल्या जोडणीतील सोल्डरचे बारीक मणी प्रत्येक रेंडरला ताणले जातात आणि काम थांबले की पुन्हा आखडतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तिला जशी चीर पडते, तशीच ती या मण्यांना पडते. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही जुन्या ग्राफिक्स चिपांच्या बिघाडांसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती आणि तेव्हा चिपच्या पॅकेजिंगमधील साहित्याबरोबरच लॅपटॉपची रचना आणि वापराची पद्धत यांचाही उल्लेख कंपनीने केला होता. माझ्या लॅपटॉपचा त्या चिपांशी काही संबंध नाही. तापणे-निवणे आणि त्यातून जोड तुटणे ही गोष्ट मात्र या क्षेत्रात कोणाला नवीन नाही. म्हणूनच केवळ बोर्ड बदलून तापण्याचे मूळ तसेच ठेवणे ही दुरुस्ती नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्यांदा रेघा उमटल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे ज्या दिवसांत बिल्डरांच्या जाहिराती निघतात आणि माझे काम सर्वांत जास्त असते. या वेळी लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर चिप दिसत होती, पण अर्ध्या तासाच्या कामानंतर रेघा परत येत होत्या. सर्व्हिस सेंटरने तो चार दिवस ठेवून घेतला आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून परत केला. चाचणी कशी केली, असे मी विचारले, तेव्हा वातानुकूलित खोलीत वीस मिनिटांचा ठरावीक टेस्ट प्रोग्रॅम चालवतात, असे कळले. त्या प्रोग्रॅममध्ये ग्राफिक्स चिपवर दीर्घकाळ ताण येतच नाही. "तुम्ही लोड फार देता मॅडम, शिवाय नाशिकला उन्हाळा कडक आणि धूळही खूप," असेही मला ऐकवण्यात आले. अंबड-सिडको परिसरात धूळ आहे, हे मला मान्य आहे आणि दर दोन महिन्यांनी मी जाळीची बाहेरून स्वच्छता करते. परंतु हा लॅपटॉप दुकानात मला रेंडरिंगसाठी म्हणूनच दाखवला गेला होता आणि त्याच्या खोक्यावर ते कामही छापलेले होते. ज्या कामासाठी वस्तू विकली, ते काम केल्याचा ठपका ग्राहकावर ठेवणे अत्यंत अन्यायाचे आहे.

परत आणल्यानंतर सहाव्या दिवशी पडदा पूर्ण काळा झाला. रेघा उमटत असतानाचा व्हिडिओ मी मोबाइलवर काढून ठेवला होता, तो दाखवल्यावर वाद झाला नाही आणि दुसरा बोर्ड मंजूर झाला. त्याला सतरा दिवस लागले. त्या काळात एका व्यावसायिक मित्राचा संगणक रात्री वापरून मी कामे पूर्ण केली. दोन कामे मात्र सोडून द्यावी लागली. याच सुमारास एका खासगी दुरुस्तीवाल्याने चिपला हीट मारून दोन हजारांत लॅपटॉप चालू करून देण्याची तयारी दाखवली होती. मी ते टाळले आणि इतरांनीही टाळावे, कारण हीट मारल्याने तुटलेला जोड काही आठवडे धरतो आणि पुन्हा सुटतो, शिवाय लॅपटॉप बाहेर उघडल्याचे निमित्त होऊन वॉरंटी हातची जाते.

तिसरा बिघाड एप्रिल २०२५ चा. तक्रार नोंदवायला फोन केला, तर माझा लॅपटॉप वॉरंटीत नाही, असे उत्तर आले. आधीच्या वेळी नव्या बोर्डमध्ये सीरियल नंबर भरायचाच राहून गेला होता. बिल आणि जुन्या जॉब शीट पाठवून ते सिद्ध करण्यात तीन दिवस गेले. वाढीव वॉरंटीत घरी येऊन सेवा देण्याची तरतूद होती, तिचा आग्रह मी या वेळी धरला आणि त्यामुळेच पुढचा उलगडा झाला.

घरी आलेला इंजिनिअर तरुण होता आणि कामाला अत्यंत चोख होता. बोर्डचे खोके बाजूला ठेवून त्याने आधी मागचे झाकण काढले. पंख्याच्या तोंडाशी पातळ पत्र्यांची जी जाळी असते, तिच्या आतल्या बाजूला करड्या रंगाचा, नमद्यासारखा दाट थर बसलेला होता. चिमट्याने ओढल्यावर तो अखंड पट्टी होऊन बाहेर आला. ही पट्टी बाहेरून ब्रश फिरवून कधीच निघाली नसती आणि दोनदा लॅपटॉप उघडूनही सेंटरमध्ये कोणी ती काढलेली नव्हती. त्यानंतर त्याने हीटसिंक उचलला आणि तांब्याची पट्टी उजेडाकडे तिरकी धरून म्हणाला, "ताई, हे बघा." चिपच्या खालच्या अर्ध्या भागावर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) दाबली जाऊन पातळ झाली होती आणि तांब्यावर तिचा स्वच्छ ठसा होता, वरच्या अर्ध्या भागावर मात्र ती लावली तशीच, जाड आणि जवळजवळ ओली राहिलेली होती. हीटसिंकच्या चार स्क्रूंपैकी वरच्या एका स्क्रूचा आधार किंचित वाकलेला असल्याने तो कोपरा चिपला कधी टेकतच नव्हता. वहीतले ८४ आणि १०६ हे आकडे मी त्याला दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "बोर्ड दरवेळी नवीन येतोय, पण हा हीटसिंक पहिल्या दिवसापासून तोच आहे."

त्याने बोर्ड बसवला, तात्पुरती पेस्ट लावली आणि नवीन हीटसिंक व पंखा यांची मागणी नोंदवली. तोपर्यंत जड काम करू नका, असेही बजावून गेला. दुसऱ्याच दिवशी ती मागणी नाकारल्याचा संदेश आला, कारण तक्रार 'डिस्प्ले येत नाही' अशी नोंदवलेली होती आणि डिस्प्ले आता येत होता. दोन ई-मेलना उत्तर न आल्यावर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला, तिन्ही जॉब शीटच्या प्रती, तापमानाचे आकडे आणि तांब्याच्या पट्टीचा फोटो जोडून तक्रार नोंदवली आणि कंपनीला त्याची प्रत पाठवली. सोबत इतकेच कळवले की, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी जेथे राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे नाशिकलाच, दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तेथे शुल्क लागत नाही आणि सदोष वस्तू बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश आयोग देऊ शकतो. आठव्या दिवशी मुंबईहून एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा फोन आला, त्यांनी झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि चार दिवसांत हीटसिंक व पंखा आले.

या सेवेला मी पाचपैकी दोन गुण देते. ते दोन्ही गुण त्या इंजिनिअरचे आणि काउंटरवरील सौजन्याचे आहेत. उरलेले तीन मी कापते, कारण प्रत्येक बिघाड स्वतंत्र समजून आधीच्या जॉब शीटकडे न पाहता फक्त जळालेला भाग बदलण्याची तेथे पद्धत आहे. एकाच लॅपटॉपचा दुसरा बोर्ड मागवताना पहिला का गेला, हे विचारण्याची जबाबदारी कोणावरच नाही. त्या चार स्क्रूंची तपासणी पहिल्याच खेपेला झाली असती, तर कंपनीचेही दोन बोर्ड वाचले असते.

नवीन हीटसिंक बसवण्यासाठी मी लॅपटॉप सेंटरमध्येच नेला होता. जॉब शीटवर पुन्हा 'पार्ट बदलला' एवढेच लिहिलेले पाहून मी सही करण्यास नकार दिला आणि 'हीटसिंकचा चिपशी संपर्क अपुरा असल्याने चिप तापत होती' ही ओळ त्यावर लिहून, शिक्का मारून मिळेपर्यंत काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसून राहिले. पाऊण तासाने ती मिळाली. त्या रात्री गंगापूर रोडच्या प्रकल्पाची तीच फाइल चाळीस मिनिटे रेंडरला लावली, तेव्हा चिपचे तापमान ७६ अंश आणि हॉटस्पॉट ८७ अंश होता. ही चाचणी आता मी दर महिन्याच्या १५ तारखेला करते आणि आकडे त्याच वहीत लिहिते. वॉरंटी ऑगस्ट २०२६ पर्यंत आहे.