उथळ खाडीत हलक्या काठीने गरवताना: रबरी, मिनो की पॉपर?

पहिली खरेदी करायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "जिताड्याला कुठला ल्युअर, म्हणजे कुठलं खोटं आमिष, चालतं?" भुकेला जिताडा तिन्ही घेतो: रबरी मासाही, कडक प्लास्टिकचा मिनोही आणि पाण्यावर फटकारे मारणारा पॉपरही. तांबोशी तर त्याहून हावरी. पण कोकणातल्या खाड्यांत कांदळवनाच्या कडेला किंवा वाळूच्या दांड्यावर होडीतून गरवताना पाणी गुडघ्यापासून फार तर पुरुषभर असतं. तिथे ल्युअर कुठला हे पाणी ठरवतं. ते किती उरलंय, किती गढूळ आहे, तळाला चिखल आहे की कालवं, हे आधी बघायचं. माशाचा विचार त्यानंतर.

आधी पाणी आणि तिथी

कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ या खाड्यांत भरती-ओहोटीचा फरक मोठा. मुंबई-रायगडकडे मोठ्या उधाणाला तो चार मीटरच्या वर जातो. एवढं पाणी सहा तासांत आत-बाहेर होताना तळाचा चिखल घेऊनच फिरतं आणि खाडी चहासारखी होते. खाली तारकर्ली-देवबागची कर्ली, आचऱ्याची खाडी, तेरेखोल, गोव्यातली शापोरा इथे हा फरक साधारण दोन मीटरचा. तळ बऱ्याच ठिकाणी वाळूचा, आणि थंडीत पाणी इतकं नितळ की होडीची सावली तळावर दिसते. रायगडात जे काम करतं तेच देवबागला नेलं तर मासा मागे मागे येतो आणि तोंड न लावता वळतो.

दिवस निवडायला आपल्याकडचा जुना हिशेब आजही उत्तम चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना तोच हिशेब. सिंधुदुर्ग-गोव्याकडे भरती मुंबईच्या थोडी आधी लागते, तेवढं धरून चालायचं. आता अष्टमीचं बघा. पहाटे सहाला भरती पूर्ण, मग दुपारपर्यंत सुकती, म्हणजे ओहोटी, आणि भांगाचे (कमी भरती-ओहोटीचे) दिवस असल्याने पाण्याला ओढ कमी. म्हणजे उन्हं चढायच्या आत उतरतं आणि त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी मिळतं. अमावास्या-पौर्णिमेला नेमकं उलटं: भरती बाराला, आणि सकाळी सहाला खाडी कोरडी. उत्तरेकडच्या खाड्यांत मी सप्तमी ते दशमी सोडून दुसरा दिवस धरणार नाही. तळकोकणात उधाणाचीही फारशी अडचण होत नाही.

रबरी मासा

एकच प्रकार घ्यायचा असेल तर हा. तीन ते चार इंचाचा, चपट्या शेपटीचा, ज्याला दुकानात पॅडल टेल म्हणतात. कमरेच्या वर पाणी असेल तर पाच ते दहा ग्रॅमचं जिग हेड, म्हणजे डोक्याशी वजन ओतलेला गळ, पुरतं. त्याहून कमी पाण्यात मात्र जिग हेड घात करतं. ते चिखलात रुततं, नाहीतर कांदळाच्या मुळात अडकतं. तिथे रुंद वाकाचा एकच गळ लावायचा आणि त्याचं टोक रबराच्या पाठीत लपवायचं. असा ल्युअर मुळांवर पडला तरी सरकत खाली येतो, मासा चावला की रबर दबतं आणि टोक बाहेर पडतं.

त्याची खरी जागा म्हणजे सुकतीच्या वेळी कांदळवनातून खाडीत उतरणारे छोटे चर. आतलं पाणी त्यातून बाहेर पडताना कोळंबी आणि बोयांची पिल्लं घेऊन येतं, आणि जिताडा तोंडाशी, मुख्य प्रवाहाच्या जरा आडोशाला, थांबलेला असतो. होडी चराच्या समोर आणायची नाही, बाजूला ठेवायची. रबर चराच्या आत टाकायचं आणि पाण्याबरोबर बाहेर येऊ द्यायचं, दोरी फक्त ताणात ठेवायची. गाळ इतका असेल की वीतभर खालचं दिसत नाही, तेव्हाही हे चालतं, कारण शेपटीची थरथर माशाला अंगाच्या रेषेवर जाणवते.

रबराचा शत्रू केंड, म्हणजे अंग फुगवणारा मासा. केंडाचे दात जुळून चोचीसारखे झालेले असतात, आणि तो शेपटी अशी स्वच्छ कापून नेतो की कात्री चालवल्यासारखी दिसते. हाताला फक्त एक बारीक टिचकी लागते. ती लागली की ल्युअर ओढून बघायचाच, कारण बिनशेपटीचं रबर पाण्यात नुसतं ओढलं जातं, पोहत नाही. केंडांची टोळी असेल तर जागा सोडा, नाहीतर मिनो लावा.

मिनो

मिनो महाग पडतो, आणि चांगला असेल तर बराच महाग. पण नितळ पाण्यात, वाळूच्या दांड्याच्या उतारावर, रबराला दाद न देणारा मासा मिनोला येतो. याचं कारण थांबणं. तरंगणारा मिनो दोन झटके देऊन सोडला की हळूहळू वर येऊ लागतो, आणि बहुतेक वेळा मासा नेमका तेव्हाच धरतो. बुडणाऱ्या रबराला उथळ पाण्यात असं थांबवता येत नाही, ते तळाला जाऊन बसतं.

घेताना जिभेकडे बघा. पुढची पारदर्शक जीभ आखूड असेल तर मिनो अर्धा-पाऊण मीटर खाली जातो, लांब असेल तर खोल. खाडीसाठी आखूडच. आणि बुडणारा न घेता तरंगणारा घ्या: कालवांच्या खडकावर गेला तर दोरी सैल सोडली की आपसूक वर येतो. कंपनीने लावलेले तीन तोंडांचे गळ काढून एकेरी गळ लावणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मुळांत अडकणं कमी होतं, मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही, आणि उड्या मारणारा जिताडा होडीत आल्यावर मोकळं राहिलेलं टोक तुमच्या हातात शिरायची भीतीही घटते.

पॉपर

पॉपर अगदी पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा. वारा पडलेला, बोय पृष्ठभागावर फिरणारी, पाणी दोन फुटांच्या आत, असं जुळून आलं तर दुसरं काही लावू नये. जिताडा वरचा घास ओढून घेतो तेव्हा जो आवाज होतो, त्यासाठी माणसं वर्षभर वाट बघतात. पण हे जुळणं थोडा वेळ टिकतं. उन्हं वर आली की पॉपर पेटीत ठेवावा. पहिल्या खरेदीत त्याला जागा नको.

काठी, रीळ, दोरी

सात फुटांची, दोरीच्या 8 ते 17 पाउंडांच्या हिशेबातली काठी आणि 2500 किंवा 3000 आकाराचं स्पिनिंग रीळ. बेटकास्टरने, म्हणजे काठीच्या वर बसणाऱ्या आडव्या रिळाने, कांदळाच्या फांदीखाली नेम जास्त अचूक बसतो हे खरं, पण सात ग्रॅमच्या आतला ल्युअर समोरच्या वाऱ्यात टाकताना नवशिक्याच्या रिळात गुंता होतोच. दुसरी काठी घ्याल तेव्हा तो घ्या.

15 ते 20 पाउंडांची विणलेली दोरी, आणि पुढे हातभर-दीड हात 30 ते 40 पाउंडांचा फ्लुरोकार्बन लीडर. इथे बारीक तंगूस (नायलॉनची दोरी) लावून काटकसर करू नका. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते आणि तो डोकं झटकत उडी मारतो. तांबोशी घास घेताक्षणी मुळांकडे परत वळते, आणि मुळांना कालवं लागलेली असतात. तिच्यासाठी ड्रॅग, म्हणजे रिळाची दोरी सोडण्याची पकड, आधीच घट्ट हवा, कारण पहिल्या दोन सेकंदांनंतर घट्ट करायला वेळ नसतो.

होडी की कायाक

कायाकमधून माशाच्या जवळ आवाज न करता जाता येतं, त्यात दुमत नाही. पण बसूनच फेकावं लागतं, त्यामुळे पाण्यातलं कमी दिसतं. सुकतीच्या ओढीत एक हात कायम वल्ह्याला अडकतो, आणि परतीला तीच ओढ उलटी असेल तर दमछाक होते. वाशिष्ठीत मगरी आहेत, तिथे कायाकचा विचारही नको.

मी गावातल्या मच्छीमाराच्या साध्या होडीच्या बाजूने आहे, तो बरोबर असेल तर आणखीच. कुठे खुंटांना जाळी बांधलीत, कुठला दांडा या पावसानंतर सरकला, हे त्याला माहीत असतं. त्याच्या जाळ्यापासून लांब राहणं हा तर साधा धर्म आहे. इंजिन जागेच्या बरंच आधी, वरच्या अंगाला बंद करायचं आणि पाण्याबरोबर वाहत यायचं, बांबूने दिशा देत. फायबरच्या होडीत पक्कड पडली तरी तो ठोका पाण्यातून लांब जातो. तळाला जुनं गोणपाट अंथरलं की अर्धं काम झालं.

आणखी एक गोष्ट जागा ठरवताना बघावी. ठाणे खाडीतला फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग 2015 पासून संरक्षित आहे, मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून. तिथले नियम आधी वन खात्याकडून समजून घ्या.

मोठा मासा लागला तर

जिताडा, म्हणजे सिंधुदुर्ग-गोव्याकडचा चोणक, आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि वाढल्यावर मादी होतो. हातभराहून बराच मोठा, आठ-दहा किलोचा मासा ही बहुतेक अंडी घालणारी मादीच, आणि ती खाडीच्या मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात वीण घालते. खाडीतल्या तांबोश्यांची गोष्ट उलटी: त्या अजून वाढायच्या असतात आणि मोठ्या झाल्यावर समुद्रातल्या खडकांकडे जातात. घरी न्यायचाच तर मधल्या आकाराचा एखादा जिताडा न्या. मोठी मादी सोडताना जबड्याला धरून उभी लटकवू नका, तिच्या वजनाने मणका दुखावतो. एक हात ओला करून पोटाखाली द्या, तोंड प्रवाहाकडे करून होडीच्या कडेला धरा, आणि ती स्वतः शेपटी मारेपर्यंत सोडू नका.